सभेची इजाजत आणि दंडाची पावती

अकोला हे शहर परभणी जिल्ह्यात नाही व कधी नव्हतेही. तथापि परभणी जिल्ह्यातील सार्वजनिक जीवनाची हकीकत सांगावयाची झाली, तर तिचा आरंभ अकोल्यापासून करणे भाग पडते. हैदराबाद संस्थानातील प्रजाजनांची राजकीय परिषद १९२३ मध्ये काकीनाडा येथे, १९२६ मध्ये मुंबईस, १९२८ मध्ये पुण्यास आणि १९३१ मध्ये अकोल्यास भरली. आणि ही चार नावे ओळीने वाचताना ज्या वाचकाच्या मनात सहजच येईल की हैदराबादच्या प्रजेची परिषद हैदराबादेत, औरंगाबादेत किंवा परभणीस का भरली नाही, त्याला त्या काळच्या राज्यकारभाराचे अर्धे स्वरूप त्या प्रश्नातच उमगले असे समजावे. निजामाच्या अंमलात ही परिषद भरविताच येत नव्हती. वऱ्हाड प्रांत नावापुरता निजामाचा असला तरी त्याचा कारभार इंग्रजांकडे होता, आणि तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात मोडणाऱ्या हिंगोली-कळमनुरीकडील माणसाने पैनगंगा ओलांडली, की जी गोष्ट अलीकडच्या तीरावर अपराध ठरत असे, तीच पलीकडच्या तीरावर उजळ माथ्याने करता येत असे. आपल्याच गाऱ्हाण्याविषयी आपल्याच माणसांशी चार शब्द बोलण्याकरिता परमुलखाचा रस्ता धरावा लागणे, ही गोष्ट ज्या पिढीने सोसली, त्या पिढीला सभास्वातंत्र्य म्हणजे काय हे कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नाही.

संस्थानात सरकारी परिपत्रकाला ‘गश्ती’ म्हणत, आणि अशा शेकडो गश्त्यांपैकी ‘गश्ती निशान ५३’ ही रयतेच्या तोंडी बसली होती, कारण सभा भरविण्यापूर्वी अधिकाऱ्यांची इजाजत घेतलीच पाहिजे असे बंधन तिने घातले होते. इजाजत मागावी, ती वेळेवर मिळू नये, मिळालीच तर अटींसह मिळावी, आणि अटी पाळूनही सभा बंद पाडण्याचा अधिकार अंमलदाराच्या हाती राहावा, असा हा एकूण प्रकार होता. खासगी शाळा काढावयाची तरी परवानगी, आणि शिक्षणाचे व दफ्तराचे माध्यम उर्दू. म्हणजे जिल्ह्यातील बहुसंख्य माणसांची मातृभाषा ज्या कचेरीत चालत नाही, त्या कचेरीकडे, तिला कळेल अशा भाषेत अर्ज करून, बोलण्याची मुभा मागावयाची. हे सारे लक्षात घेतल्याशिवाय पुढील हकीकतीचे मोल कळणार नाही.

घराच्या उंबरठ्याबाहेर आणि सरकारी कचेरीच्या पायरीअलीकडे जो प्रदेश उरतो, त्यात माणसे आपखुशीने एकत्र येऊन जे उभारतात, त्या साऱ्याला आता आपण ‘नागरी समाज’ हे नाव देतो. वाचनालय, शिक्षणसंस्था, वकिलांचा संघ, मजुरांची संघटना, वर्तमानपत्र, महिलांचे मंडळ, अत्याचाराची चौकशी करणारी समिती ही सर्व त्याचीच अंगे. शब्द अलीकडचा असला तरी वस्तू आपल्याकडे अपरिचित नव्हती. मराठेशाहीत वतनाचा कज्जा गोतसभेपुढे येई, तेव्हा निवाड्याचा जो कागद होई त्याला ‘महजर’ म्हणत, आणि त्यावर जमलेल्या वतनदारांच्या व बलुतेदारांच्या निशाण्या उमटत. ज्याला अक्षर येत नसे तो पाटील नांगर काढी, पण त्याची साक्ष कागदावर राही. पुढे २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभासदत्वाची जी अट घातली ती मला आजही विलक्षण वाटते: ज्याला सभेत बसावयाचे असेल त्याने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा. लोकांच्या वतीने बोलावयाचे असेल तर लोकांनी तसे लिहून दिलेले असले पाहिजे, ही ती अट. मतदानाचा अधिकार कोणालाही नव्हता अशा काळी, कोणताही कायदा सांगत नसताना, काही माणसांनी प्रतिनिधित्वाचा हा नियम स्वतःवर लादून घेतला, ही घटना आपल्या राजकीय इतिहासात आहे त्याहून पुष्कळ मोठ्या अक्षरांत लिहिली गेली पाहिजे.

परभणीकडे ही हवा उशिरा आली आणि आडवाटेने आली. राजकारण वर्ज्य होते, म्हणून माणसांनी वाचनालये चालविली. परभणीचे गणेश वाचनालय हे त्या परंपरेतील जुने आणि अद्याप नांदते नाव. व्याख्यानाला बंदी होती, म्हणून गणेशोत्सवातील कीर्तनाला गर्दी होऊ लागली. आणि शाळा काढणे अवघड होते, म्हणूनच शाळा काढणे हे देशकार्य ठरले. कर्नाटकातून आलेल्या व्यंकटेश खेडगीकर नावाच्या शिक्षकाने हिप्परग्याला आणि नंतर अंबाजोगाईस मुले शिकविता शिकविता एक सबंध कार्यकर्त्यांची पिढी घडविली, आणि तोच शिक्षक स्वामी रामानंद तीर्थ या नावाने पुढे मुक्तिसंग्रामाचा सेनापती झाला, हा काही योगायोग नव्हता. मराठवाड्यातील राजकीय जागृती शाळेच्या ओसरीवर वाढली, आणि म्हणूनच तिच्या पुढाऱ्यांत मास्तर आणि वकील यांचा भरणा झाला.

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे, परंतु १९८१ साली जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात होते. म्हणून मराठवाड्याची मराठी प्रजा आपल्या भूमीवर आपल्या नावाने प्रथम एकत्र बसली ती परभणी जिल्ह्यात, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. ज्यांनी अकोल्याचा रस्ता तुडविला होता, त्यांना सहा वर्षांनी परतूरच्या मांडवात बसताना काय वाटले असेल, याची कल्पना आपण आज कितीही ताणली तरी अपुरीच पडेल. परिषदेची भाषा नेमस्त होती. मागण्या शिक्षणाच्या, मातृभाषेच्या, नागरिक स्वातंत्र्याच्या आणि जबाबदार राज्यपद्धतीकडे नेणाऱ्या सुधारणांच्या होत्या. याच सुमारास, १९३६ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात जवाहरलाल नेहरूंच्या पुढाकाराने आणि रवींद्रनाथांच्या सन्माननीय अध्यक्षतेखाली नागरी स्वातंत्र्य संघ निघाला होता. म्हणजे देशात ज्या विचाराला नुकताच संस्थेचा आकार येत होता, त्या विचाराशी परतूरचे नाते जुळलेले होते.

सरकारचा संयम फार काळ टिकला नाही. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापण्याचे ठरले, आणि तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली; जी संस्था अद्याप जन्मली नाही तिला बेकायदा ठरविण्याचा हा पराक्रम राज्यकर्त्यांच्या भयाचे माप दाखवितो. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी नानलांच्या तुकडीने सत्याग्रह केला, आणि बंदी उठण्यास १९४६ साल उजाडले. त्याच १९३८ च्या अखेरीस, ३० डिसेंबरला, कन्नडजवळ मक्रणपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत अस्पृश्यांची परिषद झाली. हे दोन प्रवाह एकाच वर्षी एकाच मुलखात वाहत होते, दोघांनाही माणसाच्या हक्काचीच तहान होती, आणि तरीही ते एका पात्रात आले नाहीत. याची किंमत मराठवाड्याने पुढे चाळीस वर्षांनी मोजली. रझाकारांचा उच्छाद, सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई आणि १७ सप्टेंबरची शरणागती हा भाग वाचकांना ठाऊक असल्याने त्याचा विस्तार करीत नाही.

२६ जानेवारी १९५० पासून गश्ती निशान ५३ च्या जागी संविधानाचा अनुच्छेद १९ आला. निःशस्त्र व शांततेने एकत्र जमण्याचा आणि संघ स्थापण्याचा हक्क त्याने नागरिकाला दिला. मुक्त श्वास घेणे ज्यांना माहीत नव्हते त्यांना हा बदल केवढा वाटला असेल! पूर्वी सभा भरविणाऱ्याने कारण द्यावयाचे, आता सभा अडविणाऱ्याने द्यावयाचे. परंतु याच वेळी दुसरे एक स्थित्यंतर घडले, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. परिषदा चालविणारी, तुरुंगात गेलेली, शाळा काढणारी कर्तबगार माणसे आता मंत्रिमंडळात, विधिमंडळात, जिल्हा परिषदेत आणि सहकारी बँकेत जाऊन बसली, आणि सरकारला जाब विचारण्याचे जे आसन होते, ते रिकामे झाले. ज्यांनी ते सोडले नाही अशांत गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव ही नावे ठळक आहेत, भालेरावांना तर आणीबाणीत स्वतंत्र भारताच्या तुरुंगातही बसावे लागले. मराठवाड्याच्या अनुशेषासाठी, रेल्वेसाठी, नोकऱ्यांसाठी जी आंदोलने झाली, ती या जागृत माणसांच्या बळावर झाली, आणि १८ मे १९७२ रोजी परभणीस स्थापन झालेले कृषी विद्यापीठ हे लोकांच्या मागणीला आलेले मोठे फळ होय.

आणि तरीही २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला, तेव्हा ह्याच मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यासह, दलितांची घरे पेटली. गावे तीच होती, शाळा-महाविद्यालये तीच होती, आणि सभा भरविण्याचा, मोर्चा काढण्याचा जो हक्क एका पिढीने निजामाशी झगडून मिळविला होता, तोच हक्क वापरून पुढच्या पिढीतील काहींनी आपल्याच गावच्या कुडाच्या घरांवर चाल केली. नागरी समाज बळकट करा असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा या प्रसंगाकडे पाठ फिरवून म्हणता येणार नाही. संघटनेचे बळ हे स्वयमेव सद्गुण नव्हे. जी संघटना केवळ आपल्या जातीचे, आपल्या प्रांताचे, आपल्या सभासदांचे गाऱ्हाणे मांडते ती उपयुक्त असेल, आवश्यकही असेल. परंतु मानवी हक्कांची संस्था हे नाव तिला तेव्हाच शोभते, जेव्हा ती आपल्याशी रक्ताचे वा मताचे कसलेही नाते नसलेल्या माणसाकरिता पदर खोचून उभी राहते. १९७८ मध्ये अशी माणसे अगदीच नव्हती असे नाही. अत्याचारविरोधी समितीने गावोगाव हिंडून माहिती गोळा केली आणि १९७९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या दंगलीत काय घडले हे आज आपल्याला कळते, ते बव्हंशी अशाच कागदांमुळे कळते. विद्यापीठाचा नामविस्तार होण्यास मात्र १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला.

कागदाचा विषय निघाला म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगतो. गंगाखेडकडे गोदावरीच्या काठच्या एका गावी एका वृद्ध बाईने मला आपली पत्र्याची पेटी उघडून दाखविली. वर एक जरीचे लुगडे, त्याखाली कुंकवाचा करंडा, आणि करंड्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी घालून, दोऱ्याने बांधलेल्या पावत्या. घड्यांच्या रेघांवर कागद फाटत आला होता, काही ठिकाणी शाई हळदीच्या डागाखाली बुडाली होती, आणि प्रत्येकीवर काही रुपयांची रक्कम व तलाठ्याची सही होती. त्या दंडाच्या पावत्या होत्या. गायरानाची दीड-दोन एकर पडीक जमीन तिच्या नवऱ्याने दगडगोटे वेचून वहितीखाली आणली होती, आणि सरकारने त्याबद्दल अतिक्रमणाचा दंड बसविला होता. ‘दंडाचे कागद इतके जपून का ठेवलेत, मावशी?’ असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘दंड भरला तवाच तर सरकारनं लिवून देलं की बाबा, आमी हितं कसतोत म्हून. दुसरं कोण लिवून देतंय आमाला?’

या उत्तरात जे कायद्याचे ज्ञान आहे ते उगाच आलेले नाही. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी काढलेल्या निर्णयानुसार १४ एप्रिल १९९० पूर्वी सरकारी पडीक जमीन कसू लागलेल्या भूमिहीनांची वहिवाट नियमित करता येणार होती. परंतु त्याकरिता ती वहिवाट त्या तारखेपूर्वीची आहे हे सिद्ध व्हावयास हवे होते. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याने हे सिद्ध करावे कशाने? अतिक्रमणाची नोंद गाव नमुना एक-ई मध्ये होते, आणि दंडाची पावती कसणाऱ्याच्या हाती राहते. म्हणून ज्या कागदाने सरकारने त्याला गुन्हेगार ठरविले, तोच कागद त्याच्या हक्काचा पुरावा झाला. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून ही चळवळ चालत आलेली आहे, आणि मराठवाड्यात तिला मानवी हक्कांची भाषा दिली ती ॲड. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने. पोतराजाच्या घरी जन्मलेल्या, वकील झालेल्या या माणसाने आपल्या लोकांना मोर्चा शिकविला, त्याचप्रमाणे पावती मागण्यास, ती जपण्यास आणि तलाठ्याकडे नक्कल मागण्यासही शिकविले. आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या कार्यात हे शिक्षण सर्वांत मोलाचे होते. २०११ नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे गायरानाविषयी शासनाचे धोरण कडक झाले आणि पुष्कळ दावे आजही लोंबकळत आहेत. त्या मावशीची पेटी म्हणून अद्याप मिटलेली नाही.

राज्यसत्तेला तिच्याच कागदावर पकडण्याची ही रीत जगात इतरत्रही वापरली गेली आहे. चेकोस्लोव्हाकियातील कम्युनिस्ट सरकारने मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार मान्य करून १९७६ मध्ये आपल्या कायद्यांच्या संग्रहात छापले, आणि जानेवारी १९७७ मध्ये तेथील लेखक, तत्त्वज्ञ, कामगार अशा सुमारे अडीचशे नागरिकांनी ‘सनद ७७’ या नावाने निवेदन काढून विचारले, की तुम्ही छापलेले हे हक्क आम्हांला कोठे दिसत का नाहीत? त्यांनी नवी मागणी केली नव्हती. प्रागचे प्राध्यापक आणि गोदाकाठची ती मावशी यांची भेट होण्याचा संभव नव्हता, पण सरकारने लिहून दिलेले सरकारलाच वाचून दाखवावे, ही युक्ती दोघांनाही आपापल्या दुःखाने शिकविली.

राजकीय सुधारणांतही पुढाकार नागरी समाजाचाच आढळतो. उमेदवाराने आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता व शिक्षण यांचे शपथपत्र दिले पाहिजे, हा नियम कोणत्याही पक्षाने आपण होऊन केला नाही. काही प्राध्यापकांनी चालविलेली एक संस्था आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज यांनी तो २००२ व २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून मिळविला. या युनियनच्या उभारणीत सासवडचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांचा मोठा वाटा होता, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे. माहितीचा अधिकारही असाच आला. महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये तो कायद्यात आणला. ३० दिवसांत उत्तर द्यावयाचे, आणि प्रश्न माणसाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत, असा त्यात दंडक आहे. हा ४८ तासांचा दंडक किती जणांना ठाऊक असतो?

जीविताचा आणि स्वातंत्र्याचा असाच प्रश्न परभणी शहरातही उभा राहिला. १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन. १९४८ मध्ये याच तारखेस मानवी हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी संमत केला, आणि त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असे शब्द होते, ते पालटून ‘सर्व माणसे’ असे करवून घेतले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. २०२४ च्या याच तारखेस परभणी रेल्वे स्थानकाजवळील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, दगडफेक व जाळपोळ झाली, आणि पोलिसांनी धरपकड केली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला, न्यायालयीन कोठडीत असताना, त्याचा मृत्यू झाला. दुकाने फोडणे निंद्यच होते, आणि ज्यांची दुकाने फुटली त्यांचे नुकसान भरून मिळणे हाही त्यांचा हक्कच. परंतु कोठडीतील माणूस हा राज्याच्या पूर्ण ताब्यात असतो, त्याला पळता येत नाही, साक्षीदार बोलावता येत नाही, म्हणून त्याच्या श्वासाचा हिशेब देण्याची जबाबदारी राज्यावर येते. या एका विधानावर मानवी हक्कांचा सारा कायदा उभा आहे.

त्या कायद्याची घडण मात्र सरकारच्या उपजत सद्बुद्धीने झालेली नाही. अटकेचा पंचनामा करावा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी, नातेवाइकाला कळवावे, अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी असावी, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, अशी जी अकरा बंधने सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी घातली, त्यांचे मूळ बंगालमधील कायदेविषयक साहाय्य करणाऱ्या एका संस्थेचे अध्यक्ष डी. के. बसू यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या एका पत्रात आहे. वर्तमानपत्रांत कोठडीतील मृत्यूच्या बातम्या वाचून त्यांनी ते लिहिले, आणि न्यायालयाने तेच याचिका मानले. पत्रापासून निर्णयापर्यंत दहा वर्षे गेली. पुढे २००५ च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी असे ठरले. पण त्या चौकशीचा अहवाल आल्यावर पुढे काय, याविषयी कायदा जवळजवळ मौनच पाळतो.

परभणीच्या प्रकरणात नेमका हाच प्रश्न आला. मृत्यूच्या कारणाविषयी परस्परविरोधी विधाने झाली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. आणि तरीही गुन्हा नोंदला जाईना. या काळात जे झाले त्यात मला नागरी समाजाचे खरे दर्शन घडते. जानेवारी २०२५ मध्ये परभणीहून मुंबईच्या दिशेने लाँग मार्च पायी निघाला आणि थंडीवाऱ्यात नाशिकपर्यंत चालत गेला. वाटेतील गावांनी त्यांच्या भाकरीची सोय केली. मृताच्या आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली, ॲड. प्रकाश आंबेडकरांनी ती चालविली, आणि ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदविण्याचा आदेश मिळाला. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तेथेही तो आदेश कायम राहिला. दोष कोणाचा, किती, हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे आणि ते ठरेपर्यंत आपण कोणाला दोषी म्हणू नये. परंतु साधी फिर्याद नोंदली जावी एवढ्याकरिता एका आईला सर्वोच्च न्यायालयाच्या पायरीपर्यंत जावे लागते, सात महिने लागतात, हे वाचून ज्याला अस्वस्थ वाटणार नाही त्याने निजामाच्या राजवटीला नावे ठेवण्याचा अधिकार गमावला, असे मी मानतो. भारताने यातनाविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली आणि अद्याप त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही, ही उणीवही याच संदर्भात बोलून दाखविली पाहिजे.

हा मुद्दा इतरांच्या दोषावर संपविणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या संस्था कशा चालतात? जिल्ह्याजिल्ह्यांत धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी नोंदलेल्या संस्थांपैकी कित्येकांनी विश्वस्तांतील बदलाचा अहवाल वर्षानुवर्षे सादर केलेला नसतो. अध्यक्ष तोच, पुढे त्याचा मुलगा, वार्षिक सभा कागदावर, आणि हिशेब कपाटात. सार्वजनिक सभेच्या सभासदाला ५० जणांचा मुखत्यारनामा लागत असे. आज ‘लोकांच्या वतीने’ निवेदन देणाऱ्या किती संघटना पन्नास वर्गणीदारांची यादी दाखवू शकतील? सरकारकडे माहिती मागणाऱ्या संस्थेने आपली जमाखर्चाची वही भिंतीवर टांगली पाहिजे, आणि जिच्या कार्यकारिणीत गावच्या सर्व वस्त्यांतील माणसे, त्यांतील स्त्रिया, बसत नाहीत तिने गावाचे नाव आपल्या पाटीवर लिहू नये. दूरच्या देणगीवर उभी राहिलेली संस्था देणगी आटली की मिटते. गावकऱ्यांच्या दहा-वीस रुपयांच्या वर्गणीवर चाललेली संस्था अडखळत का होईना चालत राहते, कारण वर्गणी दिलेला माणूस हिशेब विचारावयास येतो.

आणि ज्याला कोणतीच संस्था जवळ नाही, त्याच्याकरिता कायद्याने एक संस्था गावातच ठेवली आहे, ती म्हणजे ग्रामसभा. ती वर्षातून किमान चार वेळा भरलीच पाहिजे, मतदारांपैकी १५ टक्के अथवा १०० माणसे, यांतील जी संख्या कमी असेल ती, हजर असल्याशिवाय तिचे काम चालू शकत नाही. परंतु गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली की तीस गणपूर्तीची अट नसते, आणि म्हणून पुष्कळ गावांतून पहिली सभा रिकामी ठेवून दुसरीत मोजक्या माणसांनी ठराव उरकण्याची प्रथा पडली आहे. हजेरीची वही मग शिपायाबरोबर घरोघर फिरते. चुलीपुढची बाई हात पुसून अंगठा उठविते, शेतातून आलेला माणूस उभ्याउभ्या सही करतो, आणि न झालेल्या सभेचे कार्यवृत्त पूर्ण होते. ज्या सभेच्या हक्काकरिता माणसे अकोल्यापर्यंत गेली, तिची सही अशी दारात दिली जाऊ नये. वाचकहो, पुढच्या वेळी वही तुमच्या दारी आली, तर सही करू नका. सभा कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे भरली, आणि तीत कोणता ठराव झाला, हे आधी विचारा, आणि उत्तर लेखी मागा.